वरवट बकालला बाहेर गेलेली पेनल्टी

बुलढाणा जिल्ह्यात लोक शेगावला दर्शनाला जातात, लोणारला सरोवर बघायला जातात आणि उरलेले नातलगांच्या लग्नाला जातात. मी गेल्या जानेवारीत तिथे माझ्याच एका लेखाला भेटायला गेलो. लेख सहाशे शब्दांचा, वय वर्षं एकोणीस, प्रकृती ठणठणीत. त्यातला शब्दही खरा नव्हता, हे इतकी वर्षं मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला ते इथेच कळेल.

मी मूळचा खामगावचा. बाविसाव्या वर्षी पुण्याला येऊन वर्तमानपत्रात लागलो आणि तीन महिन्यांत ‘मले-तुले’ टाकून ‘मला-तुला’ म्हणायला शिकलो. क्रीडापानावर होतो. एका संध्याकाळी पानाचा कोपरा रिकामा राहिला. हाताशी दोन ओळींची बातमी होती : चेक मिडफिल्डर रादिम वोत्रुबा निवृत्त. सोबत एक फोटो. पेनल्टीच्या खुणेवर बॉल, आणि शेजारी एक उंच माणूस मान खाली घालून उभा. इंटरनेट होतं, पण ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर, आणि त्यावर त्या वेळी आमचे संपादक पत्ते खेळत असत.

त्या खाली घातलेल्या मानेची मला दया आली. सहाशे शब्द भरायचे असताना दया येऊ नये, फार महागात पडते. मी लिहिलं की रेफ्रीने चुकून पेनल्टी दिली होती, ती चुकीची आहे हे एकट्या वोत्रुबाला ठाऊक होतं, म्हणून त्याने बॉल मुद्दाम बाहेर मारला. संघ हरला, देशाच्या संघातून त्याचं नाव गेलं, त्याने कधी तक्रार केली नाही. मथळा दिला, ‘हरलेला सज्जन’. या लेखाला एका संस्थेचा पुरस्कार मिळाला. नारळाच्या वड्या झाल्या. शाल अजून आहे.

इथवर झालं ते लबाडीत मोडतं. पुढचं त्याहून वाईट आहे. दोन वर्षांनी वरवट बकालहून, म्हणजे संग्रामपूर तालुक्यातल्या एका मोठ्या गावाहून, पत्र आलं. तिथल्या शाळेचे पी.टी.चे शिक्षक, गजानन सर. त्यांनी माझा लेख लॅमिनेट करून शाळेत लावला होता, आणि त्यांच्या पोरांनी तो नियम म्हणून घेतला होता. सरांनी लिहिलं होतं : “आमचा मिलिंद अकोल्याच्या निवड सामन्यात खेळला. निवड झाली असती तर क्रीडा कोट्यातून पोलिसात नोकरी नक्की होती. रेफ्रीने त्याला चुकीची पेनल्टी दिली. त्याने तुमच्या वोत्रुबासारखी बाहेर मारली. निवड झाली नाही. गावाला अभिमान आहे. आपण त्याच्यावर चार ओळी लिहाव्यात, म्हणजे वरच्या लोकांच्या नजरेस येईल.”

पत्र मी उभ्याने वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुढे तीनदा ऑफिस बदललं, तीनदा ड्रॉवर बदलला. पत्र दर वेळी सोबत आलं. उत्तर गेलं नाही.

आणि मग पुण्यातल्या एका खाजगी फुटबॉल अकादमीने पंधरा दिवसांसाठी एक परदेशी प्रशिक्षक आणला. त्याचं मोडकं इंग्रजी पोरांना समजेना, म्हणून दुभाषा हवा होता. जुना क्रीडा पत्रकार म्हणून मला बोलावलं. मी गेलो, तर समोर रादिम वोत्रुबा. चौथ्या दिवशी फोन वाजला.

“सर, मी वरवट बकालचा गजानन सर. ओळखलं का? तुमचे वोत्रुबा पुण्यात आले म्हणे. घेऊन येता का त्यायले?”

मी म्हणालो, त्यांना अजिबात वेळ नाही. अकादमी म्हणाली, त्यांना तीन दिवस सुट्टी आहे. वोत्रुबा म्हणाला, आकाशातून दगड पडून झालेलं ते तळं त्याच भागात आहे ना? ते मला बघायचंच आहे. तिघांनी मिळून माझं तिकीट काढलं म्हणा.

खामगाव

जलंबला मोठी गाडी सोडली आणि खामगावच्या छोट्या गाडीत बसलो. स्टेशनवर गजानन सर हार घेऊन उभे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वोत्रुबा सहा फुटांहून उंच, चोपन्न वर्षांचा, टकलू, उजव्या गुडघ्याने लंगडणारा. सर जेमतेम पाच फूट. हार काही गळ्यापर्यंत पोचेना, तेव्हा सरांनी सरळ शिट्टी फुंकली. वोत्रुबा जुन्या सवयीने जागच्या जागी थांबला. सर बाकावर चढले, हार घातला आणि मला म्हणाले, “लय शिस्तीचा माणूस हाये, बाप्पा.”

दुपारपर्यंत तीन सत्कार झाले. तिसऱ्या शालीनंतर वोत्रुबाने घाम पुसत मला विचारलं, “तुमच्याकडे हिवाळा फार कडक असतो का?” मी म्हणालो, ही आदराची पद्धत आहे. तो म्हणाला, “आमच्याकडे खेळाडू निवृत्त झाला की त्याला एक काचेचा पेला देतात आणि त्याची पार्किंगची जागा काढून घेतात.”

फेटाही बांधला. तेवढ्यात कोणीतरी लांबून बॉल टाकला आणि वोत्रुबाने तो डोक्याने मारला. बॉल गेला एकीकडे आणि नऊ मीटर गुलाबी कापड दुसरीकडे. ते गुंडाळायला पाच माणसं लागली. टाळ्या मात्र अशा पडल्या की गोल झाला असावा.

कचोरीवर तो खूश झाला. सहा खाल्ल्या. मिरची तोंडात गेल्यावर थांबला, डोळ्यांत पाणी आलं, मग उरलेली मिरचीही खाल्ली. “गडी सोडत नाही,” सर म्हणाले.

संध्याकाळी एका जिनिंगच्या आवारात गेलो. सरकी काढण्यासाठी आलेल्या कापसाचे ढीग, दुमजली घराएवढे. वोत्रुबाने मूठभर कापूस उचलला. त्याचं गाव कोळशाच्या खाणीचं. बाप खाणीत. “आमच्या गावातही असेच डोंगर,” तो म्हणाला, “फक्त काळे. खाणीतून निघालेल्या दगडमातीचे. मी त्याच्या उतारावर खेळायला शिकलो. बॉल खाली गेला की ज्याने मारला त्यानेच आणायचा. म्हणून मी कधी लांब पास दिला नाही. सगळे म्हणायचे, काय संयम! संयम कसला, चढ होता.”

सरांनी विचारलं, काय म्हणून राह्यले? मी सांगितलं, “ते म्हणतात, खेळात संयम महत्त्वाचा.” सरांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. खोटं बोलताना समोरचा मान डोलावतो तेव्हा वाटतं तसं बरं.

लोणारच्या वाटेवर, सुलतानपूर

दुसऱ्या दिवशी सरांच्या जुन्या जीपमधून मेहकरमार्गे लोणारला निघालो. सर चालवत होते, मी मध्ये, वोत्रुबा खिडकीशी. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा, वेचणी सरत आलेला कापूस. मी मनात ठरवलं होतं की याला त्या पेनल्टीपासून दूर ठेवायचं. पण निवृत्त खेळाडूला आपली कारकीर्द सांगण्यापासून कोण अडवणार? माणूस घाटात ओकारी थांबवेल, पण हे नाही.

त्याने सांगितलेलं असं. गावच्या लहान क्लबमध्ये आठ वर्षं. मग राजधानीतल्या मोठ्या क्लबने घेतलं आणि बाकावर बसवलं. “दोन वर्षं बाक इतका घासला की त्यात माझा चेहरा दिसायचा.” देशाकडून तीन सामने, त्यातले दोन शेवटच्या पाच मिनिटांपुरते. तिसऱ्यात पूर्ण वेळ खेळला आणि आयुष्यातला एकमेव गोल केला. पेनल्टीवर.

“चांगली पेनल्टी होती?” मी विचारलं. न विचारून चाललं असतं.

“खोटी होती. मला कोणी हातही लावला नव्हता. मी आपणहून पडलो. पेनल्टी मिळाली, मी मारली, गोल झाला, मी हात पसरून विमानासारखा पळालो. रात्री टीव्हीवर सगळ्या देशाने ते हळूहळू चालवून पाहिलं. त्यानंतर ज्या मैदानावर जाईन तिथे लोक माझ्या अंगावर पोहण्याच्या टोप्या फेकायचे. म्हणायचे, उडी मार! पुढे ऑस्ट्रियातल्या खालच्या दर्जाच्या क्लबात गेलो, गुडघा गेला, थांबलो. आता शाळेची बस चालवतो. पोरं अजून विचारतात, काका, तुम्ही पडलेलेच ना?”

मी त्या फोटोबद्दल विचारलं. बॉलजवळ मान खाली घालून उभा होतास, तेव्हा मनात काय होतं?

“मनात? ओठ फुटला होता. थुंकत होतो.”

म्हणजे माझा पुरस्कार, माझी शाल आणि मिलिंदची हुकलेली नोकरी, तिन्ही एका थुंकीवर उभी होती.

“काय म्हणाले?” सरांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

“म्हणाले, त्या पेनल्टीनंतर फार सोसावं लागलं.”

“सोसावंच लागते,” सर म्हणाले आणि गियर बदलला.

सुलतानपूरला सरांच्या एका विद्यार्थ्याने, जो आता तिथे शिक्षक आहे, पाहुण्यांसाठी सामना ठेवला होता. काळ्या मातीचं मैदान, गोलच्या खांबांना बांधकामाच्या बल्ल्या, आणि रेफ्री म्हणून खत-बियाण्यांचा दुकानदार. विसाव्या मिनिटाला हिरव्या बनियनचा एक खेळाडू पेनल्टीच्या चौकात पडला. शिट्टी. पेनल्टी.

आणि मग भांडण सुरू झालं. पुण्यातही होतं, पण इथलं उलटं. ज्याला पेनल्टी मिळाली तो म्हणत होता, “मले लागलंच नाही! मी ढेकळात पाय अडकून पडलो!” ज्याने पाडलं असा आरोप होता तो छातीवर हात मारून म्हणत होता, “काऊन लागलं नाही बे? मी पाडला तुले! चांगला जोरात पाडला!”

“नाही पाडला!”

“मले खोटारडा म्हणतो का?”

दोन्ही संघ जमले. ढेकूळ शोधलं गेलं. ढेकूळ सापडलं. रेफ्रीने ते उचलून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि निकाल दिला, “वोत्रुबा!” हिरव्या बनियनवाल्याने बॉल खुणेवर ठेवला, दोन पावलं मागे गेला, मान खाली घालून उभा राहिला आणि बॉल खांबाच्या बाहेरून तुरीच्या शेतात घालवला. मैदानाभोवतीची सगळी माणसं ओरडली, “वोत्रुबा! वोत्रुबा!”

मान खाली घालून, हे लक्षात घ्या. माझ्या लेखातलं तेवढंही सुटलं नव्हतं. नशीब, थुंकले नाहीत.

वोत्रुबा माझ्याकडे वळला. “त्याने बाहेर का मारली? आणि माझं नाव का घेतायत?”

“तुझं स्वागत करतायत.”

“बॉल बाहेर मारून?”

“इथली पद्धत आहे,” मी म्हणालो. हे वाक्य प्रवासात फार उपयोगी पडतं. परदेशी माणूस त्यापुढे काही विचारत नाही.

लोणारला काठावर उभा राहून तो बराच वेळ खाली बघत राहिला. भोवती झाडी, तळाशी हिरवट पाणी, वारा नाही. मला वाटलं, आता काहीतरी गंभीर बोलेल. तो म्हणाला, “एकदाच पडला, आणि लोक अजून बघायला येतात. माझ्यासारखंच.” सर मोठ्याने हसले. मी तेव्हा भाषांतर केलेलं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

वरवट बकाल

तिसऱ्या दिवशी सकाळी शेगाववरून वरवट बकालला पोचलो. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, दोनेकशे माणसं. मांडवाच्या खांबाला टेकून चाळिशीचा एक माणूस अॅम्प्लिफायरची वायर दातांनी सोलत होता. शर्टाच्या खिशात टेस्टर. सर म्हणाले, “हा आमचा मिलिंद. स्टँडवर मोटर वायंडिंगचं दुकान हाये. पाण्यातल्या मोटरा याच्याच हातानं जित्या होतात.”

मिलिंदने वायर तोंडातून काढली. “जय भीम, सायेब.” मी जय भीम म्हणालो. त्याने माझ्याकडे पुरतं बघितलं, मग पुन्हा वायर दातात धरली. सतरा वर्षांत मी या भेटीचे पुष्कळ प्रकार कल्पून ठेवले होते. त्यातल्या एकातही त्याच्या तोंडात वायर नव्हती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आला. आणि भिंतीवर तो. पिवळा पडलेला, कडेला फुगा आलेला, लॅमिनेशनमध्ये एक मुंगी कायमची अडकलेली. माझा लेख, माझं नाव, आणि मान खाली घातलेला रादिम वोत्रुबा. सर मांडवात काहीतरी बघायला गेले. खोलीत आम्ही दोघंच.

“हा मी आहे,” वोत्रुबा म्हणाला. “काय लिहिलंय? वाच.”

मी वाचला. स्वतःचा लेख स्वतःच इंग्रजीत करून, ज्याच्यावर लिहिला त्याच्याच तोंडावर. यापेक्षा वाईट शिक्षा शाळेच्या खोलीत मी कधी भोगली नव्हती, आणि मी अंगठे धरून उभा राहिलेला आहे. तिसऱ्या परिच्छेदात मराठीतला गहिवर इंग्रजीत येईना. न आलेला गहिवर किती ओंगळ असतो ते कळलं. संपल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं. रिकामा कोपरा, पुरस्कार, पत्र, आणि बाहेर वायर सोलत असलेला माणूस.

त्याने फोटोवर बोट ठेवलं. “हा माणूस माझ्यापेक्षा चांगला आहे,” तो म्हणाला. “पण मिडफिल्डर वाईट. सोपी पेनल्टी घालवली.” मग हसू आवरून म्हणाला, “माझ्या देशात मी खोटा आहे म्हणून लोक ओळखतात. इथे खरा आहे म्हणून. दोन्हीकडे मला विचारलं कोणी? आता मंचावर सर विचारतील. मी खरं सांगणार.”

“नको,” मी म्हणालो.

“मला मराठी येत नाही. भाषांतर तुलाच करावं लागेल.”

मंचावर चौथा सत्कार झाला. सरांनी माइक घेतला आणि विचारलं, “वोत्रुबासाहेब, ती पेनल्टी मारताना तुमच्या मनात काय होतं, ते आमच्या गावाले सांगा.”

वोत्रुबा लहान-लहान वाक्यांत बोलला आणि थांबला. दोनशे माणसं माझ्याकडे बघू लागली. खरं सांगतो, तेव्हाही एक सुंदर वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ‘ते म्हणतात, मन स्वच्छ होतं.’ इतकंच म्हणायचं होतं. जेवणाची वेळ झालीच होती.

मी म्हणालो, “ते म्हणतात, पेनल्टी खोटी होती. ते मुद्दाम पडले होते. त्यांनी बॉल बाहेर मारला नाही. गोल केला.” मग खालच्या आवाजात, “बाहेर मारल्याचं मी रचलं होतं.”

मांडवाच्या टोकावरून मिलिंदचा आवाज आला. “सायेब, माइक तोंडाजवळ धरा. मांगं ऐकू येऊन नाही राह्यलं.”

मी माइक तोंडाजवळ धरला. जन्मात एकदाच धीर करून कबुली द्यावी, आणि ती पुन्हा, मोठ्याने, मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशी द्यावी लागावी. “तो लेख खोटा आहे,” मी म्हणालो, आणि माझे शब्द पाण्याच्या टाकीवर आपटून परत आले. “मी रचला होता.”

कोणी ओरडलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी शेजारणीला विचारलं, “आता सांगून राह्यला का हा?”

गजानन सरांनी माझ्या हातातला माइक घेतला. “सर, हे आम्हाले माहीत हाये.”

“कधीपासून?”

“गावात मोबाइलवर व्हिडिओ दिसायले लागले तेव्हापासून. पोट्ट्यायनं पहिलं नाव वोत्रुबाचंच टाकलं. तर हा गोल मारून विमानासारखा पयून राह्यला!” मांडव हसला. सरांनी वोत्रुबाकडे बघून हात विमानासारखे पसरले. तोही हसला. “अन् मले इंग्रजी समजते, सर. परवा जिनिंगात, काल जीपमध्ये, समदं ऐकलं. तुमचं भाषांतर बी ऐकलं. संयम महत्त्वाचा म्हणे!”

जमिनीने दुभंगून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण काळी जमीन जानेवारीत फक्त बोटभर दुभंगते.

“मग तो भिंतीवर का ठेवला अजून?” मी विचारलं.

“काढला होता. खाली भिंतीले चौकोनी डाग राह्यला. वाईट दिसे. म्हून पुन्हा लावला.”

“आणि नियम? कालसुद्धा सुलतानपूरला...”

“नियमानं काय केलं तुमचं?” सर म्हणाले. “वोत्रुबा तसा नव्हता तर नव्हता. आमाले जमून राह्यलं ना.”

मग प्रदर्शनी सामना झाला. वोत्रुबा दुखऱ्या गुडघ्याने वीस मिनिटं खेळला. जागेवर उभं राहून असे पास दिले की बॉल स्वतःहून माणूस शोधत जातोय असं वाटावं. पंधराव्या मिनिटाला गावच्या एकाने त्याला खरोखरच आडवा केला. पेनल्टी. या वेळी शंभर टक्के खरी, वाद नाही. लोक म्हणाले, मारा साहेब, गोल मारा. तो धावत आला, पाय घसरला, आणि बॉल गोलवरून शाळेच्या संडासामागे गेला. सगळं पटांगण ओरडलं, “वोत्रुबाऽऽ!” लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून तो मला म्हणाला, “घसरलो. हे मात्र सांगू नकोस.”

तिथे नाही सांगितलं. इथे सांगतो आहे. आता सुरुवात केलीच आहे.

जेवणाला रोडगे होते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. वोत्रुबा पानासमोर मांडी घालू शकला नाही, म्हणून त्याला ओट्यावर बसवलं. त्याने एक रोडगा हातात घेऊन वजन केलं. “हे आमच्याकडेही आहे. कणकेचा गोळा. पण आम्ही उकडतो.” वाढणाऱ्या बाईंना मी सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. “उकडून खातात? मंग वाढ माय त्याले अजून एक.”

सगळे जेवत असताना मी स्टँडवर मिलिंदच्या दुकानात गेलो. तो जेवण आटोपून कामाला लागलाही होता. जमिनीवर उघडी मोटर, भोवती तांब्याची तार. मी स्टुलावर बसलो आणि मनात तयार केलेलं म्हणायला लागलो, की माझ्या लेखामुळे तुमची नोकरी...

“लेखाचं सोडा, सायेब,” तो तारेचे वेढे मोजत म्हणाला. “पेपरात खोटं असतेच. अन् पेनल्टी खोटी होती, मले लागलं नव्हतं, मी मारली बाहेर. ते माहं. तुम्ही काऊन मधात येऊन राह्यले?” वेढे संपेपर्यंत तो थांबला. मग त्याने वर बघितलं. “पत्राले उत्तर काऊन नाही देल्लं?”

मी मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

“सर म्हणत, पुण्याचे सायेब लिहितील, वरचे लोक वाचतील, पुन्हा बोलावतील. पेपरची गाडी सकाळी याच स्टँडवर येते. मी रोज यायचो. एक वर्ष. क्रीडापान उघडायचो, तिथंच घडी घालायचो. पेपरवाला म्हणे, पोट्ट्या, विकत घेत जा की. तुम्ही ‘नाही लिहीत’ एवढं लिहिलं असतं, तरी मी पुढची भरती दुसऱ्या कोट्यातून देल्ली असती. वय होतं तेव्हा. लेख खोटा होता, ते मले नऊ वर्षांपूर्वी समजलं. उत्तर आलं नाही, ते मले रोज समजे.”

एकोणीस वर्षं मी एका खोट्या लेखाचं ओझं मोठ्या दिमाखात वाहत होतो. त्यात थोडी शान होती, हे आता कबूल करतो. एवढ्या लांबच्या गावात आपल्या शब्दाने कोणाचं आयुष्य फिरतं, हे दुःखसुद्धा लेखकाला गोड लागतं. खरा गुन्हा एका पोस्टकार्डाचा होता, आणि त्यात काहीच शान नव्हती.

“आता लिहू का?” मी विचारलं.

“लिहा. पण आपल्या मनचं टाकू नका.”

मी वही काढली. माझ्या पिशवीत त्या जुन्या पत्राची घडी होती. ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने पत्र बघितलं, हात काळे म्हणून उचललं नाही.

“कुठल्या पायाने मारली?”

“डाव्या.”

“कुठून बाहेर गेली?”

“गोलकीपरच्या उजव्या अंगाले. खांबापासून दोन हात.”

“संध्याकाळ होती?”

“दुपार. साडेबाराचा सुमार.”

“आभाळ भरून आलं होतं?” सवय जात नाही.

“उन्ह होतं, सायेब. नुसतं उन्ह.”

“मान खाली घातली होती?”

“हाव. बॉलखाली खडा होता, तो काढला.”

“आणि मारल्यावर मनात काय आलं?”

मिलिंदने तारेचं टोक कात्रीने कापलं, बोटाने चाचपून पाहिलं आणि जरा विचार केला.

“काही नाही,” तो म्हणाला. “तहान लागली होती. नळ मैदानाच्या त्या टोकाले होता. तिकडं पाह्यलं.”

मी तेवढंच लिहून घेतलं.